पोल सॉ सुरू करण्याआधी उभे राहण्याची जागा ठरवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंब्याच्या बाजूला आपले घर आहे, अंगणात मोठा गुलमोहर आहे आणि वळवाचे वारे सुटण्याआधी त्याच्या तीन फांद्या काढून झाड हलके करावे, असा आपला विचार आहे. पहिली फांदी स्कूटर लावण्याच्या पत्र्याच्या शेडवर आली आहे आणि ती मनगटाहून थोडी जाड आहे. दुसरी कुंपणाच्या भिंतीवरून रस्त्याकडे गेली आहे आणि खांबावरून घरात येणारी विजेची वायर तिच्या जवळून जाते. तिसरी सर्वांत वरची असून वाळलेली आहे. मित्राकडून बॅटरीवर चालणारा, 10 इंची बारचा पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याच्या टोकावर साखळीची करवत असलेले यंत्र, आपल्याला मिळाला आहे (बार म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ती पट्टी). तो वाळलेल्या फांदीपर्यंत पुरत नाही म्हणून शिडीवर उभे राहून काम करावे काय, आणि वायरजवळची फांदी लाइट गेलेली असताना कापली तर चालेल काय, असे आपण विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. परंतु नुसत्या नकाराने आपले काम अडून राहील किंवा, त्याहून वाईट म्हणजे, आपण ते तसेच करून बघाल. म्हणून कारणे सविस्तर लिहितो. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत झाडांची छाटणी करण्याचे काम मी एकोणीस वर्षे करत आहे. त्यांपैकी पहिली काही वर्षे कोयता, कुऱ्हाड आणि हातकरवत एवढ्यावरच काढली, त्यामुळे यंत्राने काय सोपे झाले आणि काय मुळीच सोपे झालेले नाही, हे दोन्ही मला ठाऊक आहे.

पोल सॉ प्रथमच हातात घेणाऱ्या माणसाला वाटते की साखळी दहा फूट लांब गेली म्हणजे धोकाही दहा फूट लांब गेला. साखळीपुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु या कामात मी पाहिलेल्या दुखापतींत साखळीने कापल्याच्या फार थोड्या होत्या. बहुतेक जखमा कापलेली फांदी अंगावर आल्यामुळे, यंत्राचा दांडा हिसका देऊन हातातून सुटल्यामुळे किंवा माणूस उंचावरून पडल्यामुळे झालेल्या होत्या. लांब दांड्यामुळे साखळी दूर जाते, पण फांदी जिथे पडायची तिथेच पडते, आणि तिथे आपण उभे असू तर दांडा तीन मीटरांचा असो वा पाच, फरक पडत नाही.

थोडा हिशेब मांडतो. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण 800 ते 1000 किलो धरले, तर 15 सेंटिमीटर जाड आणि 3 मीटर लांब तुकडा, पाने आणि डहाळ्या सोडूनच, 42 ते 53 किलो भरतो. म्हणजे सिमेंटचे एक पोते. ते 4 मीटर उंचीवरून सुटले की एका सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी 30 किलोमीटरांहून अधिक असतो. मान वर करून, दोन्ही हातांत यंत्र धरून, पट्टा खांद्यात अडकवून उभा असलेला माणूस एका सेकंदात किती पावले मागे सरकेल, याचा विचार आपणच करावा. पळून वाचण्याची कल्पना या कामात उपयोगाची नाही. सुरुवातीलाच योग्य जागी उभे राहणे एवढेच आपल्या हातात असते.

ही योग्य जागा कोणती? यंत्राबरोबरच्या पुस्तिकांत दांडा जमिनीशी 60 अंशांहून अधिक उभा धरू नये, अशी सूचना असते. ती पाळावीच, पण ती पाळली म्हणजे झाले असे समजू नये. हातापुढे 3 मीटर दांडा आहे आणि तो 60 अंशांत धरला आहे असे मानले, तर काप आपल्या पायांपासून आडव्या अंतराने फक्त दीड मीटर पुढे असतो. 45 अंशांत धरला तर हेच अंतर 2 मीटरांच्या थोडे वर जाते. मात्र उंचीत सुमारे अर्धा मीटर सोडावा लागतो. मी स्वतः शक्य तिथे उंची सोडतो आणि अंतर घेतो. ज्या फांदीसाठी दांडा जवळजवळ सरळ उभा करावा लागतो, ती फांदी त्या यंत्राची नाही, असे खुशाल समजावे.

अंतराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाजू. आडव्या वाढलेल्या फांदीचे बरेचसे वजन शेंड्याकडे, डहाळ्यांत आणि पानांत असते. ती तुटली की शेंडा आधी खाली झुकतो, जमिनीला टेकतो, आणि मग बुडखा त्या शेंड्यावर तोल घेऊन वळतो व कोणत्याही दिशेला कलंडतो. हे मी स्वतःच्या खांद्यावर शिकलो आहे. काम सुरू करून मला तीन-चार वर्षे झाली असतील. एका बंगल्याच्या आवारात अशाच गुलमोहराची फांदी कापताना मी खोडाकडे पाठ करून, फांदीच्या अगदी रेषेत उभा होतो. काप उत्तम झाला होता. शेंडा हिरवळीवर टेकला, फांदी क्षणभर उभी राहिली आणि बुडखा सावकाश माझ्याकडे वळला. इतक्या सावकाश की तो येताना मला दिसत होता, पण पट्टा अडकलेला असल्यामुळे मी हललो तेवढा दांडाही हलला आणि पानांत गुंतला. हाड मोडले नाही, परंतु उजवा हात पुढचे दोन महिने डोक्याच्या वर जात नव्हता. माझ्याबरोबर काम करणारे एक वयस्कर मामा तेव्हा एवढेच म्हणाले, "आधी पाय कुठं ठेवणार त्ये बघ, मग मशीन चालू कर." तेव्हापासून मी फांदीच्या रेषेत उभा राहत नाही. फांदीला काटकोनात, एका बाजूला उभे राहावे. मागच्या तिरक्या दिशेला आठ-दहा पावले मोकळी असावीत. तिथल्या कुंड्या, पाण्याचा पाइप, विटा, पडलेल्या डहाळ्या आधी उचलाव्यात. पट्ट्याची कडी एका हाताने झटकन सुटते काय, हेही यंत्र बंद असताना दोन-तीनदा करून पाहावे.

आता प्रत्यक्ष कापण्याकडे वळतो. आडव्या फांदीच्या वरच्या बाजूला ताण असतो आणि खालच्या बाजूला दाब असतो. आपण फक्त वरून कापत गेलो, तर फांदी अर्धवट कापली असतानाच स्वतःच्या वजनाने मोडते आणि खालची साल खोडापर्यंत सोलून नेते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे हे फार पटकन होते. म्हणून पहिला काप खालून, जाडीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा घ्यावा. तो घेताना बारची वरची कड लाकडाला लागते आणि साखळी दांडा आपल्याकडे ढकलते. या ढकलण्याची अपेक्षा ठेवून पाय थोडे पुढे-मागे रोवावेत. खालचा काप लोभाने खोल करू नये, कारण दाबाखालचे लाकूड मिटते आणि बार आत अडकतो. त्यानंतर दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर शेंड्याच्या बाजूला घ्यावा. या वेळी साखळी यंत्राला फांदीकडे ओढते, म्हणून बारच्या मुळाशी असलेला अडकण फांदीला टेकवूनच सुरुवात करावी. साखळी लाकडाला लागण्याआधी पूर्ण वेगात आलेली असावी आणि यंत्राचे स्वतःचे वजन पुरते तेवढाच दाब द्यावा. बारच्या टोकाने कधीही लाकूड टोचू नये. टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागले की बार उसळतो, आणि तीन मीटर अंतरावरची ती उसळी हातात चांगलीच जाणवते.

वरचा काप घेताना कानापेक्षा डोळ्यांवर विसंबावे. कापाची फट सुरुवातीला साखळीच्या जाडीएवढी दिसते. मग ती वरून हळूहळू रुंदावू लागते. ती बोटभर रुंदावली की फांदी आता जाणार हे ओळखावे आणि नजर बारवरून काढून फांदीच्या बुडख्यावर ठेवावी. फट रुंदावण्याऐवजी मिटू लागली, तर वजन आपण समजलो तसे नाही, हे त्याचे स्पष्ट चिन्ह असते. तिथेच थांबावे.

आपल्या पहिल्या फांदीच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते. तिचा शेंडा शेडच्या पत्र्यावर टेकलेला असेल, तर ती दोन्ही टोकांना आधार असलेली तुळई झाली. आता मधल्या भागात वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण असतो, आणि वर सांगितलेला क्रम उलटा होतो: आधी वरून उथळ काप, मग खालून शेवटचा. आपण पाठवलेल्या फोटोवरून मला शेंडा टेकला आहे की अधांतरी आहे हे कळत नाही, त्यामुळे हे आपणच शेडच्या बाजूने पाहून ठरवावे. टेकलेला असल्यास माझा सल्ला असा, की पत्र्यावरच्या बारीक डहाळ्या आधी एकेक करून काढाव्यात; त्या निघाल्या की फांदी बहुधा पुन्हा अधांतरी होते आणि नेहमीचा क्रम लागू पडतो.

एकूणच फांदी एका दमात खोडापासून काढण्याचा मोह टाळावा. शेंड्याकडून सुरुवात करून मीटरभराचे तुकडे करत आत यावे. वेळ जास्त लागतो, परंतु प्रत्येक तुकडा आपल्या आवाक्यातला राहतो. शेवटचा काप खोडाला घासून घेऊ नये. फांदी जिथून निघते तिथे एक फुगीर कडे दिसते. ते शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापावे, कारण जखम भरून काढणारी वाढ त्या कड्यातूनच होते. त्यावर ऑइलपेंट किंवा डांबर फासण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याची गरज नसते. किती जाड फांदी कापावी, याबद्दल यंत्र विकणारे बारच्या पूर्ण लांबीएवढा आकडा सांगतात. मी 10 इंची बारने 12 ते 15 सेंटिमीटरांच्या पुढे जात नाही.

बार अडकलाच, तर यंत्र बंद करावे. आपल्या यंत्राची बॅटरी दांड्याच्या खालच्या टोकाला असेल, तर ती काढूनच घ्यावी. त्यानंतर दांड्याला लोंबकळणे, झटके देणे, पुन्हा चालू करून ओढून बघणे यांतले काहीही करू नये. दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून लांब बांबूच्या बेचक्याने फांदी थोडी वर उचलली, तर फट उघडते आणि बार सरळ मागे निघतो. अर्धी कापलेली फांदी मात्र जेवणाच्या सुट्टीपुरतीसुद्धा तशी सोडून जाऊ नये.

आता वायरजवळच्या फांदीविषयी, आणि इथे मी कोणतीही सूट देणार नाही. पोल सॉचा दांडा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि फायबरचा असला तरी धूळ आणि ओल धरल्यावर त्याचा भरवसा नसतो. हाताच्या मुठीवरचे रबर हे विजेपासून संरक्षण नव्हे. इतकेच काय, दांडा वायरला लागण्याचीही गरज नाही. ओली फांदी वायरवर टेकली आणि यंत्राचा बार त्या फांदीत असला, तरी वाट तयार होते. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) उघड्या तारांच्या बाबतीत तर प्रत्यक्ष स्पर्शाशिवायही ठिणगी अंतर ओलांडू शकते. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तारांपासून 15 मीटर अंतर सांगितलेले असते. आपल्या गल्लीबोळांत ते काटेकोर धरले तर निम्मी झाडे बाद होतील, हे मला मान्य आहे. मी स्वतः मोजतो ते असे: दांडा हातातून सुटून कोणत्याही बाजूला आडवा झाला, आणि कापलेली फांदी कशीही वळली, तरी दोन्ही आणि तार यांच्यात किमान 3 मीटर मोकळे राहिले पाहिजेत. आपल्या दुसऱ्या फांदीच्या बाबतीत एवढे अंतर राहत नाही, हे फोटोत उघड दिसते.

लाइट गेलेली असताना कापण्याबद्दल. लाइट गेली म्हणजे आपल्या घरातील दिवे बंद झाले, एवढेच आपल्याला कळते. ती कोणत्या क्षणी येईल हे आपल्या हातात नसते. रस्त्याच्या दिव्यांची तार त्याच खांबावर वेगळ्या मार्गाने चालू असू शकते. शेजारच्या दुकानाचा जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर वीज उलट दिशेने तारेत येऊ शकते. घरातील मेन स्विच बंद करण्याचा तर इथे काहीच उपयोग नाही, कारण खांबापासून मीटरपर्यंतची वायर त्या स्विचच्या आधी येते आणि ती चालूच राहते. तिच्यावरचे काळे आवरण उन्हापावसाने तडकलेले असते, आणि फांदी वर्षभर घासत असेल तिथे ते आहे की नाही, हे जमिनीवरून दिसत नाही. त्यामुळे महावितरणच्या आपल्या विभागातील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा किंवा 1912 वर तक्रार नोंदवावी, आणि लाइनमनने पुरवठा बंद केल्याचे स्वतः सांगितल्यावर, तो तिथे उभा असतानाच ती फांदी निघावी. पावसाळ्यापूर्वी तारांजवळच्या फांद्या छाटण्याचे काम त्यांचे चालूच असते; एप्रिलमध्ये सांगितलेले काम मेच्या शेवटी सांगितलेल्या कामापेक्षा लवकर होते, एवढे अनुभवाने सांगतो. आणि कधी चुकून कुणाचा दांडा तारेला लागलाच, तर त्या माणसाला हात लावायला धावू नये. आधी पुरवठा बंद करवून घ्यावा, तोवर कोणाला जवळ येऊ देऊ नये.

शिडीचा मुद्दा त्या मानाने सोपा आहे. पोल सॉला दोन्ही हात लागतात, म्हणजे शिडी धरायला हात उरत नाही. साखळी ढकलते आणि ओढते, तो जोर जमिनीवर पाय रोवून पेलता येतो, शिडीच्या पायरीवर नाही. आणि एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: शिडी फांदीला टेकवलेली असेल, तर शेंड्याचे वजन गेल्यावर उरलेली फांदी वर उसळते आणि शिडीचा आधारच निघून जातो. शिडीवरून पोल सॉ चालवणे म्हणजे यंत्राचा एकमेव फायदा, जमिनीवर उभे राहण्याचा, आपण होऊन सोडून देणे होय.

शिवाय वाळलेली फांदी जमिनीवरूनही आपण कापू नये, असे मला वाटते. ओली फांदी वाकते, फट रुंदावते, थोडी सूचना देते. वाळलेली काहीच सांगत नाही. गुलमोहराची वाळलेली फांदी आतून पोकळ झालेली असू शकते, आणि साखळीच्या कंपनानेच ती कापाच्या जागी नव्हे, तर मीटरभर मागे, आपल्या डोक्याच्या बरोबर वर मोडते. साल गळलेली, भोके पडलेली, कडेला बुरशीच्या कडक छत्र्या आलेल्या दिसल्या, तर शंकाच ठेवू नये. हे काम दोर बांधून झाडावर चढणाऱ्या जाणकाराचे किंवा बादली असलेल्या हायड्रॉलिक गाडीचे आहे.

यंत्राच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही. साखळी बारला बेताने चिकटलेली, पण हातमोजा घालून ओढली असता सहज सरकणारी असावी; हे पाहताना बॅटरी काढलेली असावी. टाकीत बारसाठीचे ऑइल हवे, गाडीतून काढलेले जळके ऑइल नव्हे. ते साखळीपर्यंत पोहोचते काय, हे पाहण्यासाठी बारचे टोक जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रापासून वीतभर वर धरून यंत्र काही सेकंद चालवावे. कागदावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. कापताना ढलपे पडत असतील तर साखळीला धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली, आणि मग माणूस नकळत जोर लावू लागतो. हेल्मेट आणि बंद गॉगल हवेतच, कारण वर पाहत असताना सर्व भुसा तोंडावर येतो. बूट हवेत. गळ्यात टॉवेल नको. दर दहा मिनिटांनी मान आणि हात मोकळे करावेत. यंत्र काट्यावर हलके असले तरी त्याचे बरेचसे वजन दांड्याच्या टोकाला असते. सुरू करण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारून मोहोळ, गांधीलमाश्यांचे पोळे किंवा पिले असलेले घरटे नाही ना, हे पाहावे.

परवानगीचाही विचार करावा. आपले घर महापालिकेच्या हद्दीत असेल, तर 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार झाड आपल्या अंगणात असले तरी वृक्ष प्राधिकरणाचा संबंध येतो. उद्यान विभागात फोटोंसह अर्ज देऊन फांद्या छाटण्याची परवानगी घ्यावी. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असल्यास तिथे विचारावे.

तेव्हा या हंगामात आपण स्वतः कापावी अशी फांदी एकच आहे, शेडवरची. स्कूटर बाहेर काढा, घरातील एका मोठ्या माणसाला फाटकाबाहेर लांब उभे करून येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवायला सांगा, त्याच्या हाती शिट्टी द्या आणि शिट्टी वाजली की कारण न विचारता यंत्र बंद करायचे, असे आधीच ठरवून घ्या. सकाळी, वारा पडलेला असताना सुरू करा. दुसऱ्या फांदीचा अर्ज मात्र त्याआधीच देऊन ठेवा. तिसरीसाठी कुणाला बोलावाल तेव्हा "किती घेणार" हे विचारण्यापूर्वी "दोर कुठे बांधणार आणि फांदी कुठे उतरवणार" हे विचारा. ज्याला झाडाकडे बघून याचे उत्तर देता येते, त्यालाच काम द्या.